नव्या पोलिसाचे वेतन आणि आपली मुले
(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





अशा मेळाव्यात भाषणाचा विषय काय असावा याची एक ठरलेली चाकोरी आहे. धम्म, संस्कार, मातृभाषा आणि मुलांचे शिक्षण हे ते विषय. त्यांचे महत्त्व आम्ही जाणतो. परंतु आज आम्ही आपल्यासमोर एक रुक्ष वाटणारा विषय मांडणार आहोत. तो विषय म्हणजे पोलीस दलात नव्याने दाखल होणाऱ्या तरुणाला पहिल्या दिवशी मिळणारे वेतन, आणि सरकारला काटकसर करावीशी वाटली की सर्वांत आधी त्याच वेतनावर पडणारी कुऱ्हाड. आपणांपैकी कोणी म्हणेल की याच्याशी आपला काय संबंध? आपली मुले तर संगणक अभियंते, डॉक्टर आणि हिशेबनीस होणार! आमचे नम्र निवेदन असे की हा संबंध फार जुना आहे. आपण कॅनडाच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले त्याच्याही कित्येक पिढ्या आधीचा आहे.

प्रथम आपण ज्या देशात राहतो त्याचा इतिहास पाहू.

१८७३ साली या देशाच्या सरकारने पश्चिमेकडील विस्तीर्ण प्रदेशासाठी घोडेस्वार पोलीस दल उभारले. आजच्या रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांचे हे मूळ. त्या वेळी कॉन्स्टेबलला दिवसाला एक डॉलर आणि त्याखालच्या सब-कॉन्स्टेबलला ७५ सेंट असा दर ठरला होता. शिवाय तीन वर्षे चांगली सेवा करणाऱ्यास १६० एकर जमीन देण्याचे आश्वासन होते. ती जमीन खरे तर या भूमीच्या मूळ रहिवाशांची होती, हे आपण विसरता कामा नये. पहिल्या तुकडीने हिवाळा, उपासमार आणि शेकडो मैलांची पायपीट सोसून आपले काम केले. दल स्थिरावले, आणि सरकारच्या मनात आले की आता खर्च आवरावा. १८७० च्या दशकाच्या अखेरीस नव्याने भरती होणाऱ्यांचा दर दिवसाला ४० सेंटवर आणण्यात आला आणि जमिनीचे आश्वासनही मागे घेण्यात आले. घोडा तोच, थंडी तीच, लाल डगलाही तोच. परंतु नंतर आलेल्याला जवळजवळ निम्माच मोबदला! कपातीसाठी नवागताची निवड का होते याचे कारण सरळ आहे. जो अजून आत आलेलाच नाही त्याला तक्रार करण्याचा अधिकार नसतो. त्याची संघटना नसते, त्याचा प्रतिनिधी नसतो आणि वाटाघाटीच्या मेजापाशी त्याची खुर्चीही नसते.

ही सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. आपणांपैकी अनेकांच्या आठवणीतला काळ आता पाहू.

१९७४ च्या सप्टेंबर महिन्यात या दलात प्रथमच ३२ स्त्रियांना पोलीस म्हणून शपथ देण्यात आली. १९८४ साली न्यायमूर्ती रोझली अबेला यांच्या आयोगाने नोकऱ्यांतील समानतेविषयीचा प्रसिद्ध अहवाल दिला. त्यानुसार १९८६ मध्ये रोजगार समानतेचा कायदा झाला. स्त्रिया, मूळ रहिवासी, अपंग व्यक्ती आणि ज्यांना येथे ‘दृश्य अल्पसंख्य’ म्हणतात ते आपल्यासारखे लोक, अशा चार गटांसाठी हा कायदा आहे. १९९० साली शीख तरुणाला पगडी बांधून माउंटेड पोलिसात सेवा करण्याची परवानगी मिळाली आणि बलतेजसिंग ढिल्लन यांनी ती पगडी गणवेशात आणली. त्या वेळी किती गदारोळ उठला होता हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. तरीही दार उघडले, आणि १९९५ चा सुधारित कायदा तर माउंटेड पोलिसांनाही लागू झाला.

याच काळात दुसरीकडे काय घडत होते? १९९१ च्या कायद्याने केंद्र सरकारने आपल्या नोकरांची वेतने गोठवली आणि माउंटेड पोलिसांनाही कित्येक वर्षे त्याची झळ लागली. १९९३ साली ऑन्टारियो प्रांतात बॉब रे यांच्या सरकारने ‘सामाजिक करारा’चा कायदा आणला. सार्वजनिक सेवांच्या वेतनखर्चातून दोन अब्ज डॉलर वाचवावयाचे असा त्याचा संकल्प होता. वर्षाला ३०,००० डॉलरपेक्षा कमी मिळवणाऱ्यांना त्यातून सूट होती, ही त्यातील न्याय्य बाजू. परंतु इतरांच्या बाबतीत केवळ महागाईची वाढच थांबली असे नव्हे, तर सेवेच्या वर्षांनुसार वेतनश्रेणीत वर चढण्याचा मार्गही १९९६ पर्यंत बंद राहिला. जो शिडीच्या वरच्या पायरीवर होता तो तेथेच उभा राहिला. त्याचे नुकसान झाले, पण त्याचे घर चालू शकत होते. जो नुकताच खालच्या पायरीवर चढला होता तोही तेथेच खिळला. गोठवणूक सर्वांना सारखी दिसते; तिचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही.

यानंतर आला १९९४ चा बदल, आणि आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. माउंटेड पोलिसांचे प्रशिक्षण सस्कॅचेवान प्रांतातील रेजायना येथे होते. पूर्वी निवड झालेला उमेदवार दलाचा सदस्य म्हणून दाखल होई आणि प्रशिक्षण चालू असतानाच त्याचे वेतन सुरू होई. १९९४ साली प्रशिक्षणाची पद्धत बदलली. उमेदवार आता नोकरीत घेतलेला पोलीस राहिला नाही, तो ‘कॅडेट’ झाला. सुमारे सहा महिन्यांचा खडतर अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केल्यावरच त्याची नेमणूक व्हावयाची आणि तेव्हाच वेतन सुरू व्हावयाचे. म्हणजे आरंभीचे वेतन कमी झाले असे नव्हे, ते शून्यावर आले.

मित्रहो, दार उघडण्याचा आणि उंबरठा उंच करण्याचा हा काळ एकच होता. कोणी जाणूनबुजून दुष्ट हेतूने असे केले असा आरोप आम्ही करीत नाही. सरकारी तिजोरीत तूट होती आणि सर्वच खात्यांत काटकसर चालू होती. परंतु हेतू काहीही असो, परिणाम कोणावर झाला हे पाहणे आपले कर्तव्य आहे. ज्याच्या वडिलांचे स्वतःचे घर आहे, ज्याच्या पाठीशी बँकेत शिल्लक आहे, त्या मुलाला सहा महिने वेतनावाचून काढणे कठीण नाही. परंतु ज्या घरात वडील रात्रपाळीला कारखान्यात जातात, आई वृद्धाश्रमात सेवा करते, गावाकडे दरमहा पैसे पाठवावे लागतात आणि थोरल्या मुलाच्या कमाईवर धाकट्यांचे शिक्षण अवलंबून असते, त्या घरातला मुलगा किंवा मुलगी सहा महिने बिनपगारी राहू शकत नाही. कायद्याने त्याला ‘ये’ म्हटले आणि हिशेबाने ‘येऊ नकोस’ म्हटले.

ही व्यवस्था बरीच वर्षे टिकली. २००७ च्या डिसेंबरात डेव्हिड ब्राउन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाने माउंटेड पोलिसांच्या कारभाराविषयी अहवाल दिला. प्रशिक्षणकाळात उमेदवारांना मोबदला द्यावा ही त्यातील एक शिफारस होती. २००८ साली आठवड्याला ५०० डॉलर भत्ता सुरू झाला. चोवीस आठवड्यांचे मिळून १२,००० डॉलर. त्यात कुटुंब चालणार नाही, परंतु शून्यापेक्षा ते निश्चितच बरे होते. पुढे सतरा वर्षांत हा भत्ता किती वाढला असेल? आठवड्याला केवळ ५२५ डॉलरपर्यंत! टोरंटो आणि व्हँकुव्हरची घरभाडी याच काळात कोठल्या कोठे गेली हे आपणांस आम्ही सांगावयास नको. अखेर दलात माणसे कमी पडू लागली, आणि २०२५ साली केंद्र सरकारने हा भत्ता आठवड्याला १,००० डॉलर करण्याचे जाहीर केले. ज्यांना आत यावयाचे होते त्यांच्या अडचणीमुळे हा निर्णय झाला नाही. तो सरकारच्या अडचणीमुळे झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दलात असलेल्यांनाही आपले वेतन राखता आले नव्हते, याचे कारण त्यांना संघटित होण्याचा अधिकार नव्हता. २००८ साली मंजूर झालेली ३.३२ टक्क्यांची वाढ त्याच वर्षाच्या डिसेंबरात दीड टक्क्यावर आणली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ जानेवारी २०१५ या एकाच दिवशी न्यायालयाने दोन निकाल दिले. एका निकालाने ती वेतनकपात वैध ठरवली. दुसऱ्याने माउंटेड पोलिसांना सामुदायिक वाटाघाटीचा घटनात्मक अधिकार मान्य केला. त्या दिवशी हातचे पैसे गेले आणि हक्क हाती आला. २०१९ साली त्यांच्या संघटनेला मान्यता मिळाली, २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिला करार झाला, आणि कॉन्स्टेबलचे कमाल वार्षिक वेतन ८६,११० डॉलरवरून एप्रिल २०२२ पर्यंत १,०६,५७६ डॉलरवर गेले. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या आपल्या त्रिसूत्रीतील मधल्या शब्दाची किंमत किती असते, हे या आकड्यांवरून कळते.

आता आम्ही आपणांस आपल्या इतिहासाकडे नेऊ इच्छितो. महाराष्ट्राच्या गावगाड्यात पोलिसाचे काम कोण करीत असे? पाटील चावडीवर बसे. परंतु रात्री वेशीवर जागणारा येसकर कोण होता? गावात परका माणूस आला तर वर्दी देणारा, चोराचा माग काढणारा, सरकारी खजिना डोक्यावरून तालुक्याला पोहोचवणारा, शिवेच्या तंट्यात हद्द दाखवणारा कोण होता? ते आपले वाडवडील होते. बाप परगावी गेला असेल तर मुलाने, मुलगा आजारी असेल तर घरातील दुसऱ्या कोणी धावावे, असा तो चोवीस तासांचा बांधीलपणा होता. मोबदला काय? हाडकी-हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा, सुगीत खळ्यावर मिळणारे बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. तीही गावाची मर्जी असेल तर. यालाच ‘वतन’ असे भारदस्त नाव होते.

गावात हे पोलिसी काम वेतनावाचून करून घेतले जाई; परंतु गणवेशाच्या आणि पगाराच्या पोलिसात मात्र याच माणसांना मज्जाव. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० साली दख्खनच्या महारांनी ब्रिटिश सरकारकडे अर्ज केला. लष्करात आणि पोलीस दलात आम्हांला घ्या, एवढीच त्यांची साधी मागणी होती. त्या मागणीचे मर्म असे की काम तर आम्ही करतच आहोत, ते सन्मानाने आणि ठरलेल्या पगारावर करू द्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा धागा कायदेमंडळात नेला. १९२८ च्या मार्च महिन्यात त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. कामाचे स्वरूप निश्चित असावे, मोबदला रोख आणि ठरलेला असावा, तो गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून नसावा, आणि ज्याला वतन नको असेल त्याला ते सोडून जमीन पूर्ण साऱ्यावर राखता यावी, अशी त्यामागची भूमिका होती. विधेयक संमत झाले नाही, परंतु प्रश्न थांबला नाही. पुढे सरकारने वतनी जमिनीवरील जुडी वाढवली. काम तेवढेच आणि मोबदल्याच्या जमिनीवर कर अधिक, म्हणजे ती वेतनकपातच होती. बाबासाहेबांनी १९३९ च्या डिसेंबरात नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे आणि १९४१ साली नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे परिषदा घेऊन या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर झाला.

म्हणून आम्ही म्हणतो की आरंभीच्या वेतनाचा प्रश्न आपल्याला परका नाही. सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाला काम पुरेपूर द्यावे आणि मोबदला मात्र ‘बघू नंतर’ म्हणून टाळावा, या वृत्तीशी आपली ओळख फार जुनी आहे.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेविषयी एक मूलभूत विचार सांगितला. ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. वेतनाच्या दोन श्रेणी आणि जातिव्यवस्था यांची बरोबरी करण्याचा उथळपणा आम्ही करणार नाही. वेतनश्रेणी बदलता येते, जात जन्माने चिकटते. तरीही एकाच गणवेशातील दोघांना केवळ एक आधी आला आणि दुसरा नंतर आला म्हणून वेगळे मोल देणे, ही श्रमिकांना विभागण्याचीच रीत आहे. जुन्यांना नव्यांविषयी आस्था राहत नाही आणि नव्यांच्या मनात जुन्यांविषयी अढी बसते. मालकाला मात्र दोन्ही गट स्वस्त पडतात.

हे केवळ कॅनडातच घडते असे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये टॉम विन्सर यांच्या शिफारशीनुसार २०१३ साली नव्या कॉन्स्टेबलचे आरंभीचे वेतन सुमारे २३,००० पौंडांवरून १९,००० पौंडांवर आणण्यात आले. जुन्यांच्या मूळ वेतनाला त्या प्रमाणात हात लागला नाही. आपल्या महाराष्ट्रात २००० साली ‘शिक्षणसेवक’ योजना आली. प्राथमिक शाळेत लागलेल्या नव्या शिक्षकाने तीन वर्षे महिन्याला ३,००० रुपये मानधनावर शिकवावयाचे होते. शेजारच्या वर्गात तेच धडे शिकवणारा जुना शिक्षक मात्र पूर्ण वेतन घेत होता. ज्या समाजांत पहिली पदवीधर पिढी त्याच सुमारास शिक्षक होऊ पाहत होती, त्यांनाच ही योजना अधिक जाचली. अनेकांच्या भाच्या-पुतण्यांनी ती वर्षे काढली आहेत. आपणांस ठाऊक आहे.

या विषयावर दोन आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिला आक्षेप असा की उमेदवार पुष्कळ मिळत असतील तर अधिक वेतन का द्यावे? हा बाजाराचा नियम आहे आणि भाजीपाल्याला तो लागू पडतो. परंतु पोलीस म्हणजे नुसता मजूर नाही. राज्याचा दंड त्याच्या हाती असतो. येथे किती अर्ज आले एवढे मोजून भागत नाही, ते कोणत्या घरांतून आले हे पाहावे लागते. जेथे केवळ सुखवस्तू घरांतील मुलेच अर्ज करू शकतात, तेथे अर्जांचा ढीग कितीही मोठा असला तरी ते दल समाजाचे प्रतिबिंब होत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच विचाराच्या मित्रांकडून येतो. पोलीस हे दुर्बलांवर चालणारे हत्यार असताना त्यांच्या वेतनाची काळजी आपण का वाहावी? या आक्षेपात तथ्य आहे. या देशातील मूळ रहिवाशांच्या मुलांना निवासी शाळांत नेण्यात माउंटेड पोलिसांचा हात होता आणि त्याबद्दल दलाच्या आयुक्तांना २००४ साली क्षमा मागावी लागली. मायदेशी अत्याचाराची फिर्याद नोंदवण्यासाठी ठाण्याच्या पायरीवर ताटकळणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना पुस्तकात वाचावे लागत नाही. परंतु याच कारणासाठी ठाण्यातील खुर्चीवर कोण बसतो हा आपला प्रश्न ठरतो. १९१० च्या अर्जदारांना पोलिसांचा स्वभाव ठाऊक नव्हता काय? ठाऊक होता, म्हणूनच त्यांना आत जावयाचे होते. आणि केवळ आपला माणूस आत गेला म्हणजे संस्था सुधारते, असाही भ्रम नको. त्यासाठी देखरेख, कायदा आणि जागरूक नागरिक लागतात. मात्र प्रवेशाचे दारच पैशाने बंद असेल तर पुढच्या गोष्टींना आरंभही होत नाही.

एक उदाहरण देऊन आम्ही समारोपाकडे वळतो. १९१३ साली एक तरुण मुंबईहून न्यूयॉर्कला गेला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. त्याची बुद्धी त्या शिष्यवृत्तीमुळे निर्माण झाली नव्हती, ती आधीचीच होती. परंतु तेवढे पैसे नसते तर कोलंबिया विद्यापीठाचे दार कितीही उघडे असले तरी भीमराव आंबेडकर त्यातून आत गेले नसते. शिकण्याच्या काळात पोट भरण्याची सोय असणे, हे गरिबाच्या बाबतीत गुणवत्तेइतकेच महत्त्वाचे असते. आज आपण सारे येथे बसलो आहोत ते त्या साडेअकरा पौंडांच्या आधाराने.

तर आपण काय करावे? आमच्या तीन सूचना आहेत. पहिली सूचना पालकांना. मुलाने किंवा मुलीने पोलीस, अग्निशमन किंवा अशा सेवेत जाण्याची इच्छा व्यक्त केली तर ‘हे आपल्या लोकांचे काम नव्हे’ असे म्हणू नका. २०१६ पासून या देशाचे नागरिकत्व नसलेल्या, परंतु दीर्घकाळ येथे स्थायिक असलेल्या रहिवाशांनाही माउंटेड पोलिसात अर्ज करण्याची मुभा मिळाली आहे. दुसरी सूचना संघटनेला. आपण विद्यार्थ्यांना पारितोषिके देतो, ते उत्तमच आहे. त्याबरोबर अशा प्रशिक्षणाच्या काळात एखाद्या कुटुंबाला सहा महिने हात देणारा छोटा परतफेडीचा निधी उभारावा. वीस घरांनी महिन्याला पन्नास डॉलर दिले तर महिन्याला हजार डॉलर होतात, आणि एका घराचे भाडे काही अंशी भागते. तिसरी सूचना तरुणांना. आपण ज्या नोकरीत असाल तेथील युनियनच्या सभेस जा, आणि करारात नव्याने येणाऱ्यांसाठी वेगळी, खालची श्रेणी लिहिली जात असेल तर हात वर करून विचारा की हे कोणाच्या खिशातून चालले आहे. आपण आत पोहोचलो म्हणून मागून येणाऱ्याचा विसर पडू देऊ नका. तो मागून येणारा उद्या आपलाच धाकटा भाऊ, आपलीच भाची असेल; आणि नसला तरी तो कोणाचा तरी असेलच.

रात्री वेशीवर जागणाऱ्या आपल्या पूर्वजांना ठरलेले वेतन मिळाले नाही. आज या देशात कोणत्याही रंगाचा, कोणत्याही वस्तीतला तरुण पहारा देण्यासाठी पुढे येईल, त्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन मिळावे, एवढी मागणी आपण करू शकतो. ती करण्याचा अधिकार आपल्याइतका क्वचितच कोणाला असेल.



भवतु सब्ब मंगलम्. जय भीम.